तारीख ठरलेलं सिझेरियन: तासाभराचं ऑपरेशन, सहा आठवड्यांची तयारी

सोनोग्राफीत बाळ आडवं दिसतं, वार गर्भाशयाच्या तोंडावर आलेली असते किंवा आधीची दोन सिझर झालेली असतात. मग छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात डॉक्टर म्हणतात, "आपण तारीख ठरवून घेऊ." त्या संध्याकाळी अंधेरी-बोरिवलीतल्या काय आणि घाटकोपर-मुलुंडमधल्या काय, बऱ्याच मराठी घरांत भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरतं. अमावास्या कधी, पितृपक्ष मध्ये येतो का, नक्षत्र कोणतं हे पाहून होतं आणि गुरुजींना फोन जातो. मुहूर्तावर तासभर बोलणं होतं. ऑपरेशननंतर बाळंतीण कितव्या मजल्यावर राहणार, कशावर झोपणार, रात्री तिच्या हाकेला कोण उठणार यावर मात्र पाच मिनिटंही बोललं जात नाही. हा लेख त्या राहून गेलेल्या बोलण्यासाठी आहे. ऑपरेशन तासाभराचं असतं आणि ते करणारी माणसं तयार असतात. पुढच्या सहा आठवड्यांची तयारी घरच्यांची. तारीख हातात असल्यामुळे ती नीट करताही येते.

आधी मुहूर्ताचं बोलू. श्रद्धा असेल तर दिवस पाहायला डॉक्टरांची सहसा हरकत नसते. मात्र कोणत्या दिवसांत ऑपरेशन चालेल हे डॉक्टरांनी सांगायचं आणि त्यातला दिवस घरच्यांनी निवडायचा. हा क्रम उलटू देऊ नका. वैद्यकीय अडचण नसेल तर ठरवून करायचं सिझेरियन ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी करू नये, असं प्रसूतितज्ज्ञ सांगतात. पोटात असताना बाळाच्या फुप्फुसांत द्रव असतो आणि कळा सुरू झाल्या की तो शोषला जाऊ लागतो. कळांशिवाय आणि वेळेआधी बाहेर काढलेल्या बाळाला धाप लागण्याची शक्यता वाढते, मग त्याला एनआयसीयूत ठेवावं लागतं आणि आई-बाळाची ताटातूट होते. पितृपक्ष लागायच्या आत उरकून घ्या म्हणून सदतिसाव्या आठवड्याचा हट्ट धरणं हा बाळाच्या श्वासाशी खेळ आहे. पहाटे चारचा मुहूर्तही नको. दिवसा भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, लॅब, रक्तपेढी सगळं जागेवर असतं, आणि काही बिनसलं तर त्याचाच उपयोग होतो. वार खाली असेल, जुळी असतील किंवा रक्तदाब चढला असेल तर डॉक्टर स्वतःहून आधीची तारीख देतात. त्याचं कारण तेवढं समजून घ्या. आणि ठरलेल्या दिवसाआधीच कळा आल्या, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं, तर तारीख विसरा आणि तडक रुग्णालय गाठा.

"कशासाठी?" हे विचाराच

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाल्याचं दिसलं. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के होतं आणि खासगीत ४७.४ टक्के. महाराष्ट्राचा एकूण आकडा २५.४. एवढी तफावत केवळ बायकांच्या प्रकृतीमुळे पडत नाही. मुंबईच्या सुबर्णा घोष यांनी २०१७ मध्ये ऑनलाइन याचिका काढून रुग्णालयांनी आपले सिझेरियनचे आकडे जाहीर करावेत अशी मागणी केली, तीही याच कारणाने. म्हणून कारण विचारताना संकोच नको. "नाळ गळ्याभोवती आहे" एवढं एकच कारण ठरवून सिझेरियन करायला पुरत नाही. कितीतरी बाळं तशी नाळ घेऊन नॉर्मल जन्मतात. एक सिझर झालं म्हणजे पुढचंही सिझरच, हाही नियम नाही. आधीचं कारण आता उरलं नसेल आणि चीर आडवी असेल तर योग्य सोयीच्या रुग्णालयात नॉर्मल प्रसूतीचा प्रयत्न करता येतो आणि तो बहुतेकींच्या बाबतीत साधतो. जुनी शिवण उसवण्याचा धोका साधारण दोनशेत एकीला असतो, म्हणून तातडीने ऑपरेशन होऊ शकेल अशी जागा लागते. शंका असेल तर फाइल घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही.

कारण पटलं की मात्र मन स्वच्छ ठेवा. "आमच्या वेळी सगळ्या नॉर्मलच व्हायच्या" म्हणणाऱ्या काकू त्या काळात बाळंतपणात दगावलेल्या बायका मोजत नाहीत. आडव्या बाळाला किंवा तोंडावर आलेल्या वारेला सिझेरियन हाच सुरक्षित रस्ता आहे, आणि पोटावर टाके घेऊन दुसऱ्या दिवशी बाळाला पाजायला बसणारी बाई कुठल्याच अर्थाने सोपी वाट निवडत नसते.

रुग्णालय, पैसे आणि पाऊस

उपनगरातली पुष्कळ बाळंतपणं रहिवासी इमारतीतल्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या छोट्या नर्सिंग होममध्ये होतात. डॉक्टर ओळखीचे असतात, घर जवळ असतं, डबा चालत नेता येतो. या सोयी खऱ्याच आहेत. तरी नाव नोंदवल्यावर डॉक्टरांना विचारून ठेवा: रक्त लागलं तर कोणत्या रक्तपेढीतून आणि किती वेळात येईल? बाळाला एनआयसीयू लागलं तर कुठे हलवाल? ऑपरेशनच्या रात्री डॉक्टर जागेवर कोण असतं? उत्तरं चटकन आणि नावानिशी मिळाली तर समजा की विचार झालेला आहे. वार खूप खाली असेल किंवा आधीची दोन-तीन सिझर असतील, तर माझा स्पष्ट सल्ला असा की जवळच्या नर्सिंग होमचा मोह सोडा आणि रक्तपेढी, आयसीयू, एनआयसीयू एका छताखाली असलेलं रुग्णालय गाठा. आधीच्या शिवणीवर वार चिकटून बसली तर रक्तस्राव आवरायला वेळ हाताशी नसतो.

खासगी रुग्णालयात पॅकेज सांगतात, पण त्यात भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, औषधं आणि बाळाच्या तपासण्या धरल्या आहेत का, हे लेखी घ्या. खोलीचा वर्ग बदलला की बहुतेक ठिकाणी ऑपरेशनचे दरही बदलतात. शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ मधल्या सुधारित नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं राज्यातल्या रुग्णालयांवर बंधनकारक आहे. तेव्हा ते बघायला मागा. विमा असेल तर प्रसूतीसाठीचा प्रतीक्षा काळ संपला आहे का, मर्यादा किती आहे आणि नवजात बाळ कधीपासून धरलं जातं, हे सातव्या महिन्यातच विचारा. कॅशलेसची पूर्वमंजुरी तारखेच्या काही दिवस आधी घेता येते.

विलेपार्ल्याचं कूपर, घाटकोपरचं राजावाडी, कांदिवलीचं शताब्दी ही महापालिकेची रुग्णालयंही विचारात घ्या. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयांत सिझेरियन, औषधं, रक्त आणि सात दिवसांपर्यंतचा आहार मोफत धरला आहे. गर्दी असते, पाळीचे डॉक्टर बदलतात, पण अवघड बाळंतपणाचा तिथला सराव दांडगा असतो. सुरुवातीपासून तिथेच नाव नोंदवलं आणि कागद नीट ठेवले तर त्रास कमी होतो.

तारीख जून ते सप्टेंबरमध्ये पडत असेल तर आणखी एक काळजी घ्या. अंधेरीचा सबवे पाण्याखाली गेला की पूर्व-पश्चिम जाणं अडतं, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. रुग्णालय रुळांच्या पलीकडे असेल तर सकाळी निघण्याऐवजी आदल्या संध्याकाळीच दाखल व्हा. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

त्या दिवशी

आदल्या रात्री हलकं जेवा. साधारण नियम असा की ऑपरेशनच्या सहा तास आधी खाणं बंद होतं आणि दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं. तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील ती वेळ अंतिम. दुधाचा चहा खाण्यातच मोडतो, त्यामुळे "घोटभर घे गं" म्हणून कोणी दिला तरी घेऊ नका. घरी रेझर फिरवू नका, बारीक ओरखड्यांतून जंतुसंसर्ग होतो. गरज असेल तर तिथे केस कापून देतात. नखांचा रंग काढून टाका, कारण बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावतात. मंगळसूत्र आणि बांगड्या कोणाच्या हातात द्यायच्या हे आधीच ठरवा.

ऑपरेशन थिएटरमध्ये पहिल्यांदा जाणवते ती थंडी आणि दिव्यांचा झोत. बहुतेक ठरवलेली सिझेरियन कमरेखालचा भाग बधिर करून होतात, आई जागी असते. टेबलाच्या कडेला बसवतात, पोटाशी उशी देतात आणि मान खाली घालून पाठ बाहेर काढायला सांगतात, म्हणजे मणक्यांमधली जागा उघडते. नऊ महिन्यांचं पोट घेऊन असं वाकणं कठीण जातं. एक सिस्टर समोरून खांदे धरते. पाठीवरून औषधाचा गार बोळा फिरतो. भूलतज्ज्ञ म्हणतात, "आता अजिबात हलू नका." सुई मुंगी चावल्यासारखी लागते, मग नुसता दाब जाणवतो. मिनिटभरात पायांत ऊब उतरते आणि पाय जड होऊन आपले राहत नाहीत. काही गार लावून "कळतंय का?" असं विचारतात आणि पूर्ण बधिर झाल्याची खात्री करूनच पुढे जातात. बधिरता छातीपर्यंत चढते, तेव्हा श्वास कमी पडतोय असं वाटू शकतं. रक्तदाब उतरला तर मळमळतं. काहीही वाटलं तरी बोला. भूलतज्ज्ञ तुमच्या डोक्याशीच असतात आणि त्यावर औषध तयार असतं.

दुखत नाही, पण कळतं. ओढाताण कळते आणि बाळ काढताना छातीखाली जोराने दाबल्याचंही कळतं. हे आधी कोणी सांगितलेलं नसलं की बायका घाबरतात. ओटीपोटाखाली आडवी चीर देतात. पोटाचे स्नायू सहसा कापत नाहीत, बाजूला सारतात. पहिलंच सिझेरियन असेल तर पाच-दहा मिनिटांत बाळ बाहेर येतं, उरलेला बहुतेक वेळ थरावर थर शिवण्यात जातो. त्या वेळी दात वाजतील इतकी हुडहुडी भरू शकते. ती औषधाची आणि थंडीची असते, थोड्या वेळाने जाते. बाळ ठीक असेल तर नाळ मिनिटभर थांबून कापावी आणि बाळाला लगेच छातीवर ठेवावं, अशी इच्छा आधीच्या भेटीत सांगून ठेवा. नवऱ्याला आत येऊ देतात का, हेही तेव्हाच विचारा, प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा असतो.

पाठीतल्या इंजेक्शनमुळे जन्मभर कंबर दुखते, ही समजूत घट्ट आहे. पण अभ्यासांतून तसं दिसलेलं नाही. गरोदरपणात सैल झालेले सांधे आणि वाकून तासन्‌तास पाजणं ही कंबरदुखीची नेहमीची कारणं. क्वचित एखादीला दोन-तीन दिवसांत उठून बसलं की जोराने डोकं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं. तो मात्र सुईचा परिणाम असू शकतो, त्यावर उपचार आहे, तेव्हा सोसत बसू नका.

पहिलं उठणं आणि पहिलं दूध

पायांत जीव आला की घोटे फिरवायला लागा. गरोदरपणात आणि ऑपरेशननंतर पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो, आणि हालचाल हा त्यावरचा पहिला उपाय. म्हणूनच पहिल्या चोवीस तासांत सिस्टर उठवायला येते. त्या वेळी सरळ उठून बसण्याचा प्रयत्न करू नका, सगळा ताण टाक्यांवर येतो. गुडघे वाकवा, अख्खं शरीर एका कुशीवर वळवा, पाय कॉटखाली सोडा आणि कोपर व तळहात टेकून बाजूने वर या. मिनिटभर बसा, चक्कर आली नाही तर कोणाला तरी धरून उभ्या राहा. खोकला किंवा शिंक आली तर उशी पोटाशी घट्ट धरा. हे सगळं आठव्या महिन्यात घरच्या कॉटवर करून पाहिलेलं असलं की त्या दिवशी धांदल होत नाही.

वेदनाशामक गोळ्या वेळच्या वेळी मागून घ्या. "दुधातून बाळाला जाईल" या भीतीने कळ सोसणारी आई चालत नाही, धड बसत नाही आणि नीट पाजतही नाही. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनसारखी नेहमी दिली जाणारी औषधं पाजणाऱ्या आईला चालतात. पोटात वायू धरून खांद्यापर्यंत कळ येऊ शकते. चालण्याने ती हलकी होते.

सिझरला दूध येत नाही, ही दुसरी घट्ट समजूत. वार बाहेर आली की शरीराला दूध तयार करण्याचा इशारा मिळतो, मग ती कशीही बाहेर येवो. भरघोस दूध उतरायला दोन ते पाच दिवस लागतात, सिझेरियननंतर थोडं उशिरानेही उतरू शकतं. तोवर चिकाचे चार थेंब बाळाला पुरतात, कारण पहिल्या दिवशी त्याचं पोटच लिंबाएवढंही नसतं. घरच्यांनी पावडरच्या दुधाचा डबा उघडायची घाई करू नये. टाक्यांवर भार नको म्हणून कुशीवर झोपून पाजा, किंवा बाळाचे पाय मागे करून त्याला बगलेत धरा. बाळ एनआयसीयूत असेल तर पहिल्या दिवसापासून दर दोन-तीन तासांनी दूध काढायला शिकवून घ्या. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली ती अशाच बाळांसाठी. तुमच्या रुग्णालयाला दात्या आईचं दूध मिळतं का, हे विचारण्यात काही गैर नाही.

घरी

तीन-चार दिवसांनी, महापालिकेच्या रुग्णालयातून थोडं उशिरा, घरी सोडतात. रिक्षाने खड्ड्यांतून जाण्यापेक्षा टॅक्सी बरी. सीटबेल्ट आणि पोट यांच्यामध्ये टॉवेलची घडी ठेवा. लिफ्ट नसेल तर जिना थांबत थांबत चढता येतो. मात्र पहिले दोन आठवडे दिवसातून चार वेळा खाली-वर नको.

आपली घरं लहान असतात आणि खरी अडचण तिथेच येते. जमिनीवरची गादी पहिल्या महिन्यात नको, कॉट उसनी आणावी लागली तरी आणा. चाळीत किंवा जुन्या इमारतीत बसका संडास असेल तर कमोडची खुर्ची आधीच भाड्याने घ्या. उकिडवं बसून उठताना टाक्यांवर येणारा ताण आणि त्या भीतीने होणारा बद्धकोष्ठ, दोन्ही टळतं. पाणी पहाटे येत असेल तर बादल्या भरायचं काम दुसऱ्याच्या नावावर लिहा. बाळापेक्षा जड काहीही सहा आठवडे उचलायचं नाही, आणि यात थोरल्या मुलाला कडेवर घेणंही आलं. त्याला बसून जवळ घ्या.

जेवणात डिंकाचे-मेथीचे लाडू, अळिवाची खीर खुशाल खा. पण वरणभात, भाज्या, फळं "टाके पिकतील" म्हणून बंद करू नका. टाके पिकतात ते जंतूंमुळे. जखम भरायला प्रथिनं लागतात आणि ती डाळीत, अंड्यात, मासळीत आहेत. पाणी तोडणं तर अगदी चूक. पाजणाऱ्या बाईला जास्त पाणी लागतं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या प्रसूतीनंतर सहा महिने चालू ठेवायच्या असतात, आणि बऱ्याच घरांत त्या पंधरा दिवसांत विसरल्या जातात.

बाळंतिणीच्या बाईला आधीच सांगून ठेवा की पोटाला तेल लावून चोळायचं नाही. हातापायांना आणि पाठीला मालिश डॉक्टरांना विचारून सुरू करता येते. पोटाचा पट्टा चालताना आधार देतो, पोट उतरवत नाही, तेव्हा करकचून बांधू नका. एका बाबतीत मात्र मी तडजोड करणार नाही: बंद फ्लॅटमध्ये कोळशाची शेगडी पेटवू नका. गावच्या वाऱ्याच्या पडवीत जे चाललं ते काचा लावलेल्या खोलीत चालत नाही. कोळशाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने आई-बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं. शेकायचंच असेल तर गरम पाण्याची पिशवी आहे, तीही टाक्यांपासून लांब ठेवा. धुरीही बाळाच्या छातीला नको.

टाके रोज हलक्या हाताने धुऊन कोरडे टिपा. पावसाळ्यात दमट कपडे अंगावर ठेवू नका. टाक्यांभोवती काही महिने बधिर वाटतं, ते स्वाभाविक आहे. अंगावरचं जाणं चार ते सहा आठवडे कमी होत राहतं. पण तासाभरात पॅड भिजला, मोठ्या गाठी पडल्या, १००.४ च्या वर ताप आला, टाके लाल झाले किंवा त्यांतून पू आला, एकच पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागली, किंवा डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. रात्री दोनलाही निघा.

मनाचंही तसंच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कारण नसताना रडू येतं आणि ते आपोआप ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही उदासी हटली नाही, झोप येत नसेल, बाळाविषयी काहीच वाटत नसेल किंवा नको ते विचार येत असतील, तर तो आजार आहे आणि तो बरा होतो. टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. बारशाआधी येणारे पाहुणे कमी करायचं काम नवऱ्याने स्वतःकडे घ्यावं, बायकोला कोणाला नाही म्हणायला लावू नये.

सहा आठवड्यांनी तपासणी होते. गर्भनिरोधाचं त्याआधीच विचारा, पाळी सुरू झाली नसली तरी दिवस राहू शकतात. पुढच्या बाळासाठी गर्भाशयाला निदान दीड-दोन वर्षं द्या. नोकरी करत असाल तर २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व रजा पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवड्यांची आहे. ती बाळासाठी जितकी आहे तितकीच तुमच्या पोटावरच्या शिवणीसाठी आहे. सकाळी साडेआठच्या लोकलची रेटारेटी तिला लवकर झेपत नाही.

आणि डिस्चार्ज कार्ड जपा. सिझेरियन का झालं, गर्भाशयावरची चीर कशी होती, रक्त दिलं होतं का, हे त्यावर लिहिलेलं आहे ना, हे घरी निघण्याआधीच वाचा आणि नसेल तर डॉक्टरांकडून लिहून घ्या. त्याचा फोटो नवऱ्याच्या आणि आईच्या फोनमध्ये ठेवा. पुढच्या खेपेला दिवस राहिले की पहिल्याच भेटीत ते कार्ड डॉक्टरांसमोर ठेवा.